माडाच्या झावळ्या पिवळ्या का पडतात?

मुलांनो, आपल्या फ्लोरिडात बऱ्याच घरांपुढे माड, नाहीतर त्याच्या जातीतले एखादे पामचे झाड असते. खालच्या झावळ्या पिवळ्या पडल्या की गवत कापायला येणारा माणूस त्या छाटून टाकतो. झाड नीटनेटके दिसते, पण त्याच्या तोंडचा घास गेलेला असतो.

आम्ही संगणकवाले. प्रोग्रॅम बिघडला की आधी विचारतो, बिघाड नेमका दिसतो कुठे? झाडालाही तेच विचारावे. जुन्या झावळ्या खराब आहेत की शेंड्याच्या नव्या?

जुन्या झावळ्यांवर पिवळे-नारिंगी ठिपके आणि करपलेली टोके दिसली, तर बहुधा पालाश म्हणजे पोटॅशियम कमी पडते आहे. इथली जमीन रेताड, पावसाबरोबर पालाश वाहून जाते. मग झाड जुन्या पानांतले पालाश काढून नव्या पानांना पुरवते. पिवळी झावळी म्हणजे झाडाची शिल्लक! ती कापली की झाड तिच्या वरच्या झावळीतले पालाश काढू लागते. असे वर्षानुवर्षे चालले तर शेंडा बारीक होत जातो आणि झाड मरतेही. म्हणून पूर्ण वाळलेली, तपकिरी झावळीच कापावी.

यावर फ्लोरिडा विद्यापीठाचे तज्ज्ञ ८-२-१२ आकड्यांचे, ४ टक्के मॅग्नेशियम असलेले, सावकाश विरघळणारे खत सुचवतात. (काही काउंट्यांत पावसाळ्यात नायट्रोजनच्या खताला बंदी असते, तेवढे पाहून घ्या.) लॉनचे खत घालू नये. त्यातल्या नायट्रोजनने झाड भराभर वाढते आणि पालाश आणखी अपुरे पडते. धीर मात्र हवा. डाग पडलेले पान पुन्हा हिरवे होत नाही. सगळ्या झावळ्या नव्या यायला दोन-तीन वर्षेही लागतात.

नवी पानेच आखूड, चुरगळलेली, करपलेली येत असतील तर मँगनीज कमी आहे. चुनखडीच्या जमिनीत हे फार होते. इथे मँगनीज सल्फेट लागते. दुकानात नाव नीट वाचा, मॅग्नेशियम सल्फेट वेगळे! आणि उशीर करू नका. माडाला शेंड्यात एकच कोंब असतो, तो मेला की झाड गेले.

बुंध्याच्या खालच्या चार-पाच फुटांत फळीसारखी अर्धगोल बुरशी उगवली, तर ती गॅनोडर्मा. तिच्यावर औषध नाही. झाड पाडावे लागते, आणि त्या जागी पुन्हा पाम लावायचा नाही. आंबा चालेल.