भीती आणि लाज : गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचे दोन साथीदार

जानेवारी २००७ मधला तो गोंधळ अनेक वाचकांना आठवत असेल. ब्रिटनमधील ‘सेलिब्रिटी बिग ब्रदर’ या दूरदर्शन-मालिकेत आपली शिल्पा शेट्टी सहभागी झाली होती. घरातल्या काही जणींनी, विशेषतः जेड गुडी या तरुणीने, तिच्याशी वंशभेदाचे बोलणे केले. तेथील नियामक संस्थेकडे चाळीस हजारांहून अधिक तक्रारी गेल्या, ब्रिटिश संसदेत प्रश्न निघाला, आपल्याकडे पुतळे जळाले. शेवटी शिल्पा जिंकली आणि जेडने माफी मागितली.

आरोग्याच्या सदरात ही कथा कशाला, असे वाचक विचारतील. कारण ती कथा पुढे आपल्या महाराष्ट्रात येऊन पोचली. ऑगस्ट २००८ मध्ये त्याच धर्तीच्या ‘बिग बॉस’ या हिंदी कार्यक्रमासाठी जेड भारतात आली. सूत्रसंचालक होती शिल्पा शेट्टीच. इंग्लंडहून निघण्यापूर्वी जेडने तपासण्या करून घेतल्या होत्या. लोणावळ्याच्या त्या कॅमेऱ्यांनी भरलेल्या घरात असतानाच तिला कळविण्यात आले, की तिला गर्भाशयमुखाचा कर्करोग झाला आहे. ती तातडीने मायदेशी परतली. २२ मार्च २००९ रोजी तिचा मृत्यू झाला. वय अवघे २७, मागे दोन लहान मुलगे.

पूर्वीच्या तपासणीत तिच्या पेशींत बिघाड आढळला होता. पुढील उपचारांसाठी आलेल्या पत्राकडे भीतीपोटी दुर्लक्ष केल्याचे तिने स्वतःच नंतर सांगितले. ते ऐकून इंग्लंडमध्ये २००८ ते २००९ या वर्षभरात नेहमीपेक्षा चार लाखांहून अधिक स्त्रिया तपासणीला आल्या. जिच्यावर जगाने राग काढला, तिच्या आजाराने इतक्या जणींना दवाखान्याची पायरी चढायला लावली.

आता आपल्या घरात पाहू. मांडवीच्या माझ्या दवाखान्यात बायका गुडघेदुखी, खोकला, पित्त यांसाठी येतात. औषध घेतात, पैसे देतात आणि दाराशी थबकून हळूच म्हणतात, “डॉक्टर, अंगावरून जातंय, पण ते राहू दे.” खरे दुखणे ते असते! गेली कित्येक वर्षे मी हे ‘राहू दे’ ऐकतो आहे. भीती जेडलाही होती. आपल्याकडे तिच्या जोडीला लाजही आहे.

गर्भाशयमुख म्हणजे गर्भपिशवीचे तोंड. येथील कर्करोग बहुतेक वेळा ‘एचपीव्ही’ या विषाणूमुळे होतो. हे शोधणारे जर्मन शास्त्रज्ञ हाराल्ड त्सुर हाउझेन यांना २००८ सालीच नोबेल पारितोषिक मिळाले. हा विषाणू शरीरसंबंधातून पसरतो आणि इतका सर्वत्र आहे, की संसाराला लागलेल्या बहुतेकांना तो केव्हा ना केव्हा गाठतोच. म्हणून हा आजार झालेल्या स्त्रीच्या चारित्र्याविषयी बोलणे हे अज्ञानाचे लक्षण आहे. बहुतेकींच्या शरीरातून तो आपोआप जातो. थोड्या जणींत तो टिकून राहतो आणि दहा-पंधरा वर्षांत हळूहळू पेशी बिघडवतो. एवढा अवधी देणारा कर्करोग विरळाच. तरीही २०२२ च्या जागतिक अंदाजानुसार भारतात वर्षाला सुमारे सव्वा लाख स्त्रियांना तो होतो आणि ८० हजारांच्या आसपास दगावतात.

तपासणी सोपी आहे. गर्भाशयमुखाला सौम्य अॅसेटिक आम्ल (व्हिनेगरमध्ये असते तेच) लावून मिनिटभराने पाहतात. बिघडलेला भाग पांढरा दिसतो. दुसरी पॅप चाचणी, तिसरी एचपीव्ही चाचणी. कोणत्याहीसाठी भूल लागत नाही, टाका पडत नाही. बार्शीच्या नर्गिस दत्त रुग्णालयाच्या साहाय्याने उस्मानाबाद (आता धाराशिव) जिल्ह्यात १९९९ पासून सव्वा लाखाहून अधिक ग्रामीण स्त्रियांचा अभ्यास झाला. एकदाच केलेल्या एचपीव्ही चाचणीने या कर्करोगाचे मृत्यू जवळपास निम्म्यावर आले, असे २००९ मध्ये प्रसिद्ध झाले. मुंबईच्या टाटा रुग्णालयाने वस्त्यांमध्ये आरोग्यसेविकांकडून दर दोन वर्षांनी आम्लाची तपासणी करविली, तेव्हा मृत्यू सुमारे एकतृतीयांशाने घटले. हे लाभ परदेशातल्या नव्हे, आपल्याच आयाबहिणींना झाले आहेत.

वाचक भगिनींनो, पुढील गोष्टी ध्यानात ठेवा :

१. वय ३० झाले, की काहीही त्रास नसला तरी तपासणी करून घ्या. सरकारी कार्यक्रमात ती दर पाच वर्षांनी करावी असे ठरलेले आहे. गावच्या आशाताईंना किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात विचारा.

२. संबंधानंतर रक्त जाणे, दोन पाळ्यांच्या मध्ये किंवा पाळी कायमची थांबल्यावर लाल जाणे, दुर्गंधीयुक्त पाणी जाणे, यांतले काहीही दिसल्यास तपासणीच्या शिबिराची वाट पाहू नका. थेट स्त्रीरोगतज्ज्ञांकडे जा.

३. तपासणीत दोष निघाला म्हणजे कर्करोग झाला असे नव्हे. कर्करोगापूर्वीचा बिघाड छोट्या उपचाराने काढता येतो. त्यासाठी सहसा पिशवी काढावी लागत नाही. मात्र पुढच्या तारखेला हजर राहणे आवश्यक!

४. ९ ते १४ वयाच्या मुलींसाठी एचपीव्हीची लस आहे. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची भारतीय लसही २०२३ पासून मिळते. डॉक्टरांना विचारून द्यावी. लस घेतलेल्या मुलीनेही मोठेपणी तपासणी सोडू नये.

आणि पुरुष वाचकहो, घरात वर्तमानपत्र बहुधा तुमच्या हाती आधी पडते. हा मजकूर वाचून घडी घालून ठेवू नका, तो पत्नीच्या हाती द्या. तपासणीच्या दिवशी तिच्यासोबत जा, आणि मासळीबाजाराची एक सकाळ बुडाली म्हणून कुरकुर करू नका. भीती आणि लाज माणसाला एकटे गाठतात. घरातलेच कुणी बरोबर असले, तर त्यांचा जोर निम्मा होतो.