हातोडी पळते कशी?

चतुर्थीला पेडण्यात किंवा डिचोलीत आरती रंगात आली की कातडं ताणलेलं मातीचं घुमट वाजवणाऱ्याच्या हाताकडे नीट बघा. थाप पडते न पडते तोच बोटं उचललेली! आता तुम्ही थाप मारा आणि हात कातड्यावर तसाच दाबून ठेवा. थड्! संपला आवाज. कातड्याला थरथरायला मोकळीक नको का?

पियानोतही हीच अडचण. आत सव्वादोनशेच्या आसपास तारा ताणलेल्या. पट्टी दाबली की नमदा लावलेली लाकडी हातोडी तारेवर आपटते. पण बोट तर अजून पट्टीवरच आहे, मग हातोडी तारेला चिकटून का बसत नाही? साधारण 1700 साली इटलीतल्या क्रिस्तोफोरीने यावर झकास युक्ती काढली. पट्टीने हातोडीला तारेपर्यंत पोचवायचंच नाही, नुसतं भिरकवायचं! शेवटचा इवलासा टप्पा ती एकटी जाते, आपटते, मागे पडते. पुढे 1821 मध्ये पॅरिसच्या एरारने मागे पडणारी हातोडी अर्ध्या वाटेतच झेलायची सोय केली. त्यामुळे पट्टी पुरती वर यायच्या आतच तो स्वर पुन्हा वाजवता येतो.

म्हणून तर कॅनडाचा ऑस्कर पीटरसन पियानोवर असा सुसाट सुटायचा! 1956 मध्ये स्ट्रॅटफर्डच्या नाट्यमहोत्सवात त्याने जॅझ वाजवलं आणि त्या मैफलीचीच तबकडी निघाली. जॅझमध्ये पुष्कळसे स्वर जागच्या जागी सुचतात, त्यामुळे अशी तबकडी ऐकण्यात वेगळीच मजा. बरं, ड्रम नव्हतेच! सोबत रे ब्राउनचा डबल बेस आणि हर्ब एलिसची गिटार. हा एलिस मोठा वस्ताद, गिटारवरच टकटक करून तालवाद्याची नक्कल करायचा.

जॅझ आपल्याला परकं नाही हं. ट्रम्पेटवाला चिक चॉकलेट आपल्या हळदोण्याचा. मुंबईच्या ताज हॉटेलात त्याचा बँड वाजायचा. त्याच ताजमध्ये त्याआधी टेडी वेदरफर्ड हा अमेरिकी पियानोवादक गाजला होता.

पण एका बाबतीत पियानो हरतो. हातोडी एकदा सुटली की वादकाने कितीही बोटं नाचवली तरी तो स्वर वळत नाही. घुमटाचं मागचं छोटं तोंड मात्र उघडंच असतं. डाव्या तळव्याने ते झाका, उघडा, आणि थाप मारून झाल्यावरही आवाज कसा बदलतो ते ऐका. एवढ्यापुरता माझा कौल डिचोलीच्या कुंभाराला!