मतपत्रिकेच्या तळाचे उमेदवार

अमेरिकेतली नोव्हेंबरची मतपत्रिका लांबलचक असते. अध्यक्ष, सिनेटर, न्यायाधीश असं करत मतदार खाली येतो तोवर कंटाळलेला असतो. अनेक राज्यांत तिथेच, अगदी तळाला, मृदा व जलसंधारण मंडळाच्या उमेदवारांची नावं असतात. या पदाला पगार नाही आणि बहुतेक ठिकाणी नावापुढे पक्षही नाही. पण हे पद जन्माला आलं ते मोठ्या नाट्यातून.

१९३५चा वसंत. मधल्या मैदानी राज्यांची नांगरलेली माती वाऱ्यावर उडत होती. ह्यू हॅमंड बेनेट हे मृदातज्ज्ञ सिनेटच्या समितीपुढे साक्ष देत होते. धुळीचं वादळ राजधानीकडे सरकतंय, याची खबर त्यांनी आधीच काढून ठेवली होती. म्हणून ते आकड्यांमागून आकडे सांगत राहिले, साक्ष लांबवत राहिले. अखेर कुणीतरी खिडकीकडे बोट दाखवलं. बाहेर दिवसाढवळ्या अंधारून आलं होतं. नेमका दिवस कोणता, यावर अभ्यासकांचं एकमत नाही. पण २७ एप्रिलला मृदासंधारण कायदा झाला आणि विरोधात एकही मत पडलं नाही, हे पक्कं.

खरी अडचण पुढेच होती. शेतकऱ्याच्या खाजगी रानात शिरून ‘उताराला आडवं नांगर’ असं वॉशिंग्टनचा साहेब कोणत्या अधिकाराने सांगणार? त्यावर कृषी खात्यातले वकील फिलिप ग्लिक यांनी मसुदा तयार केला: राज्यांनी स्थानिक मंडळं स्थापावीत आणि त्यांवर त्याच भागातली माणसं निवडून यावीत. साहेबाचं न ऐकणारा शेजाऱ्याचं ऐकतो, ही त्यामागची समज मला फार मोलाची वाटते. फेब्रुवारी १९३७मध्ये अध्यक्ष रूझवेल्ट यांनी तो मसुदा सगळ्या गव्हर्नरांना धाडला. ४ ऑगस्टला पहिलं मंडळ उभं राहिलं ते नॉर्थ कॅरोलिनात, बेनेट यांच्याच जन्मजिल्ह्यात. आज अशी सुमारे ३,००० मंडळं आहेत.

या निवडणुका होतात कशा, ते राज्याराज्यांत वेगळं. ओहायोत मंडळाच्या वार्षिक सभेतही मतदान होतं; जेवण, सत्कार आणि मतपेटी एकाच छताखाली. ओरेगनमध्ये कधीकधी एखाद्या जागेसाठी कुणी अर्जच भरत नाही. मग मतदारांनी मतपत्रिकेवर हाताने लिहिलेल्या नावांतून सदस्य ठरतो.

सिएटलचा किस्सा मला सर्वांत बोलका वाटतो. सिएटल ज्या वॉशिंग्टन राज्यात आहे, तिथे ही निवडणूक नोव्हेंबरमध्ये नव्हे, तर वर्षाच्या सुरुवातीला वेगळी होते, त्यामुळे ती आहे हेच बहुतेकांना कळत नाही. २०२०मध्ये सिएटलच्या किंग जिल्ह्यात सुमारे १२ लाख मतदारांना फोनवरून मत देण्याची सोय मिळाली. पडद्यावर बोटाने सही करायची, ती निवडणूक कार्यालय जुन्या सहीशी ताडून पाहणार. मतं वाढली खरी, पण टक्का एकाच्याही आतच राहिला. फोन खिशात आला तरी उमेदवार अनोळखीच होते.

उमेदवार कोण असावा, हा वाद फ्लोरिडात पेटला. जून २०२२मध्ये, अर्ज भरण्याची मुदत चालू असतानाच, नवा कायदा आला: उमेदवार शेतीशी निगडित हवा, म्हणजे शेतीत राबणारा, दीर्घकाळ शेती करून निवृत्त झालेला किंवा शेतजमिनीचा मालक वा कूळ. शहरी जिल्ह्यांत पाण्यासाठी झटणाऱ्या कित्येकांची दारं बंद झाली. शेतकऱ्याचा आवाज मंडळात हवाच. त्याच्याच बांधावर हे काम उभं राहिलं. पण शहरी हिरवळीवरचं खतही पावसाबरोबर त्याच ओढ्यात उतरतं. त्या हिरवळीच्या मालकाला समजावायला त्याच्या गल्लीतलाच माणूस लागेल. ग्लिक यांच्या मसुद्याचा आधार नेमका हाच होता, आणि फ्लोरिडाने तोच काढून घेतला.