काटा बरोबर, तार बरोबर, तरी आकडा चुकतो

कोल्हापूर जिल्ह्यातल्या अनेक दूध संस्थांत काटा आणि फॅट मशीन संगणकाला जोडलेले असतात. ही जोडणी बहुधा आरएस-२३२ची, म्हणजे १९६०च्या सीरियल मानकाची. शिरोली, गोकुळ शिरगावकडच्या कारखान्यांतली जुनी सीएनसी यंत्रंही प्रोग्रॅम याच वाटेने घेतात. काही बिघडलं की दोष तारेला किंवा व्हायरसला दिला जातो, कारण उपकरणाशी बोलणारं सॉफ्टवेअर, म्हणजे ड्रायव्हर, हा इकडचे बाईट तिकडे पोचवणारा नुसता नळ, असा समज पक्का आहे. वस्तुस्थिती वेगळी आहे. पलीकडे कोण बसलंय याचा अंदाज ड्रायव्हर आणि त्याच्याभोवतीची यंत्रणा आधीच बांधून ठेवते, आणि विचित्र वागणं बरेचदा त्या अंदाजातून येतं.

संगणक सुरू होताच माउसचा बाण पडद्यावर सैरावैरा पळू लागतो, हे याचं ठळक उदाहरण. विंडोज सुरू होताना सीरियल पोर्टवर कोणतं उपकरण आहे ते तपासते. त्याच वेळी काटा सतत वजन पाठवत असेल, तर ती अक्षरं जुन्या सीरियल माउसची ओळख समजली जाऊ शकतात. मग प्रत्येक वजन म्हणजे माउसची हालचाल! डिव्हाइस मॅनेजरमधला ‘सीरियल बॉलपॉइंट’ बंद केला, की बाण थांबतो. लिनक्सचा अंदाज आणखी जुना आहे: पलीकडे टंकन करणारा माणूस आहे. म्हणून तिथे मूळ सेटिंगमध्ये आलेलं अक्षर परत पाठवलं जातं, ओळ पूर्ण होईपर्यंत प्रोग्रॅमला काही मिळत नाही, आणि १९ क्रमांकाचा बाईट ‘थांब’ असा हुकूम समजून गिळला जातो.

‘पण वर्षभर हेच सुरळीत चालत होतं,’ असा आक्षेप येतो, आणि तो रास्त आहे. मात्र रोज संगणक आधी आणि काटा नंतर सुरू होत असेल, तर विंडोजची ती चुकीची ओळख घडतच नाही. एके दिवशी क्रम उलटला की घडते. सीरियल तार यूएसबीला जोडणारा कन्व्हर्टरही साधी तार नव्हे, त्यात स्वतःची चिप असते. २०१४मध्ये अशा चिप बनवणाऱ्या एफटीडीआय कंपनीचा ड्रायव्हर विंडोज अपडेटमधून आला आणि नकली चिपांचा ओळख क्रमांक शून्य करून गेला. कालपर्यंत चालणारे कन्व्हर्टर संगणकाला ओळखू येईनासे झाले.

मला सगळ्यात घातक वाटतो तो एक वाचन म्हणजे एक वजन हा समज. ९६०० बॉडच्या वेगाने सेकंदाला साधारण ९६० अक्षरं येतात, पण एक वजन कुठे संपलं हे ड्रायव्हरला सहसा ठाऊक नसतं. ‘१२.४५’मधला ‘१’ आधीच्या तुकड्यात गेला, तर घाईने वाचणारा प्रोग्रॅम २.४५ लिटरची नोंद करेल आणि उत्पादकाचं दहा लिटर दूध बिलातून गायब होईल. शेवटची खूण येईपर्यंत अक्षरं साठवायची आणि अर्धवट ओळ टाकून द्यायची, हे काम सॉफ्टवेअरचं आहे; संस्थेने सॉफ्टवेअर विकत घेण्याआधी ते विक्रेत्याकडून करून दाखवून घ्यावं.