शेवाळातले तेल

जमिनीखालून उपसले जाणारे खनिज तेल मुळात बहुतांशी शेवाळाचेच आहे. कोट्यवधी वर्षांपूर्वी समुद्रात तरंगणारी सूक्ष्म शैवाले आणि इतर प्लवक मरून तळाच्या गाळात गाडले गेले. वरच्या थरांच्या दाबाने आणि भूगर्भातील उष्णतेने त्यांचे हळूहळू तेल झाले. तेच काम तलावात काही दिवसांत उरकण्याचा प्रयत्न गेली चार-साडेचार दशके चालू आहे.

एकपेशीय शेवाळाला मूळ, खोड, फांद्या घडवाव्या लागत नाहीत. ऊन, पाणी, कार्बन डायऑक्साइड आणि थोडे खत मिळाले, की अनेक जाती दिवसभरात दुप्पट होतात. काही जातींच्या कोरड्या वजनाचा चौथा हिस्सा, कधी त्याहूनही अधिक, निव्वळ स्निग्धांश असतो. हे तेल काढून त्यावर मिथेनॉलची प्रक्रिया केली, की बायोडिझेल आणि ग्लिसरीन मिळते. सोयाबीन किंवा पामतेलापासून बायोडिझेल करण्याची रीतही हीच. पण शेवाळाला सुपीक जमीन लागत नाही आणि अनेक जातींना खारे पाणीही चालते. अन्नाच्या शेतीशी स्पर्धा न करणारे इंधन म्हणून त्याकडे आशेने पाहिले गेले ते यामुळेच.

तेलटंचाईचे चटके बसल्यावर अमेरिकेच्या ऊर्जा खात्याने 1978 मध्ये यासाठी खास कार्यक्रम हाती घेतला. संशोधकांनी सुमारे 3,000 वाण गोळा केले आणि पारखून त्यांतले 300च्या आसपास निवडले. न्यू मेक्सिकोतील रॉसवेल येथे प्रत्येकी 1,000 चौरस मीटरचे उघडे तलाव बांधले. लांबट, उथळ अशा या तलावांत पात्यांचे चाक पाणी सतत फिरते ठेवी. एखाद्या दिवशी दर चौरस मीटरला 50 ग्रॅमपर्यंत उत्पादन निघाले, पण वाळवंटातल्या गार रात्रींमुळे ते टिकले नाही. शिवाय उघड्या तलावात निवडक वाण सोडला, तरी काही काळाने स्थानिक शेवाळ घुसून त्याची जागा बळकावते, हेही या काळातील प्रयोगांतून दिसले. 1996 मध्ये कार्यक्रम बंद झाला. उत्पादनाचे आशादायी अंदाज धरूनही हे इंधन त्या वेळच्या डिझेलच्या दुपटीने महाग पडेल, असा अंतिम अहवालाचा निष्कर्ष होता.

सर्वांत चिवट अडचण शेवाळाच्या स्वभावातच आहे. नत्राचा पुरवठा तोडला, की पेशी तेल साठवू लागतात. पण त्याच वेळी त्यांची वाढ खुंटते. टक्केवारी फुगते, हाती येणारे एकूण तेल मात्र फारसे वाढत नाही.

दुसरी अडचण पाण्याची. उघड्या तलावात एक लिटर पाण्यात साधारण अर्धा ग्रॅम शेवाळ असते. तेलाचे प्रमाण 25 टक्के धरले, तर एक लिटर तेलासाठी सुमारे 7,000 लिटर पाण्यातून शेवाळ वेगळे करावे लागते. गाळणे, घुसळणे, सुकवणे या सगळ्याला ऊर्जा लागते आणि मिळणाऱ्या ऊर्जेतला मोठा वाटा तिथेच खर्च होतो. सुकवण्याचा खर्च टाळण्यासाठी ओले शेवाळच सुमारे 300 अंश सेल्सिअसला प्रचंड दाबाखाली शिजवून कच्चे तेल काढण्याची पद्धत निघाली. दिशा योग्य आहे. मात्र तलावातून शेवाळ गोळा करण्याचा खर्च तिनेही सुटत नाही.

2009 मध्ये एक्सॉनमोबिल या तेल कंपनीने जनुकशास्त्रज्ञ क्रेग व्हेंटर यांच्या सिंथेटिक जिनोमिक्स या कंपनीबरोबर या कामासाठी 60 कोटी डॉलरपर्यंत खर्चाची तयारी जाहीर केली. 2017 मध्ये या संशोधकांनी ‘नॅनोक्लोरॉप्सिस गाडिटाना’ या शैवालाच्या जनुकात बदल करून त्यातील तेल 20 टक्क्यांवरून 40 टक्क्यांपुढे नेले, तेही वाढ फारशी न मंदावता. विज्ञान म्हणून हे यश खरोखर मोठे होते. 2025 पर्यंत रोज 10,000 बॅरल तेल काढण्याची तांत्रिक क्षमता गाठण्याचे उद्दिष्ट ठरले. जगाची रोजची गरज आहे सुमारे 10 कोटी बॅरल. 2023 मध्ये एक्सॉनमोबिलने या संशोधनातून अंग काढून घेतले.

शेवाळ पिकवणारे उद्योग आज तगून आहेत ते स्पिरुलिनाची भुकटी, ओमेगा-3 तेल आणि रंगद्रव्ये यांच्या विक्रीवर. या वस्तूंना किलोमागे मिळणारा भाव इंधनाला कधीच मिळत नाही.