मागे बसलोय, मग सीट बेल्ट कशाला? नियम काय, धोका किती?

चौकात पोलीस दिसले की बेल्ट ओढायचा, पुढे गेलं की सोडायचा. मागच्या सीटचं बक्कल तर अनेक गाड्यांत कव्हरखालीच दबलेलं असतं. ४ सप्टेंबर २०२२ रोजी पालघरमधील चारोटीजवळ उद्योगपती सायरस मिस्त्री यांचा अपघाती मृत्यू झाला. ते मागे बसले होते आणि त्यांनी बेल्ट लावला नव्हता, असं पोलिसांच्या प्राथमिक तपासात समोर आलं होतं.

नियम काय?
केंद्रीय मोटार वाहन नियम १३८(३) नुसार मागच्या प्रवाशांनाही बेल्ट बंधनकारक आहे. दंड १,००० रुपये.

आकडे काय सांगतात?
केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार, २०२२ मध्ये बेल्ट न लावलेल्या १६,७१५ जणांचा मृत्यू झाला. त्यात ८,३८४ चालक, तर ८,३३१ प्रवासी होते.

धडकेत काय होतं?
ताशी ६० किमी वेगातली गाडी धडकून थांबते. बेल्ट नसलेला प्रवासी मात्र त्याच वेगाने पुढे फेकला जातो. हा वेग सुमारे १४ मीटर उंचीवरून पडण्याइतका असतो. मागचा माणूस पुढच्या सीटवर आदळला तर पुढे बसलेल्याचाही जीव धोक्यात येतो.

एअरबॅग आहे ना?
एअरबॅग बेल्टच्या जोडीला असते, बेल्टऐवजी नाही.

अलार्म बंद करणारी क्लिप?
ती बीप थांबवते, धडक नाही. २०२३ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने पाच ई-कॉमर्स कंपन्यांना अशा क्लिप हटवण्याचे आदेश दिले होते.

आज काय कराल?
कव्हरखालचं बक्कल बाहेर काढा. पट्टा खांद्यावरून आणि कमरेच्या हाडावरून घ्या, पोटावरून नको. सगळ्यांचे बेल्ट लागले की मगच गाडी सुरू करा.