तोंड उघडेपर्यंत

रोहू, कटला, मृगळ तलावात चांगले पोसतात. पावसाळ्याच्या तोंडावर माद्यांची पोटं अंड्यांनी भरतातही. पण साचलेल्या पाण्यात त्या अंडी सोडत नाहीत. त्यांना नदीचा पूर लागतो. तो आला की मेंदूखालची पीयूषिका ग्रंथी आपला स्राव रक्तात सोडते आणि पुढचं सगळं घडतं. १० जुलै १९५७ रोजी ओडिशातल्या अंगुल इथे डॉ. हिरालाल चौधरी यांनी माशांच्या पीयूषिकेचा अर्क टोचून या कुळातल्या माशांना तलावाच्या पाण्यात अंडी घालायला लावली. त्याआधी मत्स्यबीज हवं तर मुख्यतः पुरात जाळी लावायची आणि हव्या-नको जातींचं मिसळलेलं, हाती लागेल ते घ्यायचं. आता ग्रंथीऐवजी कृत्रिम संप्रेरकाची तयार बाटली मिळते.

भंडारा जिल्ह्यातल्या एका मत्स्यबीज केंद्रावर भर पावसाळ्यात मी हे काम पाहिलं. इंजेक्शन संध्याकाळी देतात. नर ओळखायला पोटाकडे बघावंसुद्धा लागत नाही. हंगामात त्याच्या छातीजवळच्या परावरून बोट फिरवलं तर खरखर लागते, मादीचा पर गुळगुळीत असतो. ओल्या फडक्यात धरून, शेपटीकडच्या मांसल भागात सुई गेली की मासे गोल टाकीत सोडायचे आणि पाणी फिरतं ठेवायचं. मध्यरात्रीच्या आसपास टाकीत खळबळ सुरू होते. नर मादीच्या कुशीला ढुशा देतात, पाणी उसळतं, आणि किलोभर वजनामागे दोन-तीन लाख अंडी बाहेर पडतात.

सुटतं तेव्हा अंडं जेमतेम दीड मिलिमीटरचं असतं. पाणी शोषून ते चार-पाच मिलिमीटरचं होतं, भिजलेल्या साबुदाण्यासारखं टपोरं आणि पारदर्शक. फळलं नसेल ते थोड्याच वेळात पांढरं, दुधाळ पडतं. केंद्रावरची माणसं ओंजळभर अंडी वर घेतात आणि रात्र कशी गेली ते त्यांना कळतं.

सकाळी काही अंडी काचेच्या ताटलीत घेऊन भिंगाखाली धरली. मधल्या पिवळसर बलकाभोवती भ्रूण अर्धवर्तुळात वळून बसला होता. एका टोकाला डोक्याचा फुगवटा, दुसरं टोक शेपटीचं, पाठीत मणक्यांच्या आधीचे स्नायूंचे बारीक खंड ओळीनं मांडलेले. आणि मग ती शेपटी हलली. एकदा, थांबून पुन्हा एकदा. पुढच्या काही तासांत हे झटके वाढत जातात, अंड्याचं कवच आतून विरघळू लागतं आणि शेपटीच्या फटक्यानं फाटतं. पाणी २८ अंशांच्या आसपास असेल तर अंडं पडल्यापासून चौदा ते अठरा तासांत पिल्लू बाहेर येतं. एवढ्या थोड्या वेळात एका पेशीपासून धडधडत्या हृदयापर्यंतचा प्रवास होतो, हे भिंगातून पाहूनही मला खरं वाटत नव्हतं.

बाहेर आलेल्या पिल्लाला मासा म्हणावं असं त्याच्याजवळ फार थोडं असतं. लांबी चार मिलिमीटरच्या आसपास. डोळ्यांत रंग नाही. तोंड नाही. कल्ले कामाचे नाहीत. प्राणवायू घ्यायचा तो अंगाच्या पातळ त्वचेतून आणि बलकाच्या पिशवीवर पसरलेल्या रक्तवाहिन्यांतून. पोटाखालची ती पिशवी हीच त्याची शिदोरी, आणि तिच्याच वजनानं ते खाली जातं. शेपटी मारून वर येतं, दमतं, पुन्हा बुडतं. एक जुने ढीवर कामगार मला म्हणाले, "पाणी फिरतं ठेवा लागते भाऊ. पिल्लू खाली बसलं का मेलं." तळाशी एकावर एक थर साचला की खालच्यांचा श्वास कोंडतो. म्हणून उबवणीच्या गोल हौदात तळाच्या तिरप्या नळ्यांमधून पाणी सतत येत असतं. पिल्लं फुटताना त्याचा वेग कमी करतात, नंतर पुन्हा थोडा वाढवतात. फाटलेली कवचं मधल्या जाळीला चिकटून ती बुजवतात. बुजली की पाण्याला वाट उरत नाही, हौद भरून वाहतो आणि त्याबरोबर लाखो पिल्लं जातात. त्यामुळे त्या रात्री कुणी तरी हौदात उतरून हातानं जाळी पुसत उभं असतंच. या कामाचं मोल कुठल्याच तक्त्यात दिसत नाही.

दुसऱ्या दिवशी डोळे काळे होतात, कल्ल्यांना आकार येतो. तिसऱ्या दिवशी बलक जवळजवळ संपलेला असतो, पिल्लू आडवं, प्रवाहाविरुद्ध पोहू लागतं आणि तोंड उघडतं. आता ती मत्स्यजिरे झाली. वाटीनं मापून, पिशवीत थोडं पाणी आणि वर प्राणवायू भरून विक्रीला निघतात.

माझं म्हणणं या तोंड उघडण्याच्या टप्प्याबद्दल आहे. नॉर्वेचे योहान योर्ट यांनी १९१४ साली कॉड आणि हेरिंग या समुद्री माशांबद्दल एक विचार मांडला: बलक संपण्याच्या वेळी योग्य खाद्य मिळालं की नाही, यावर त्या वर्षीची पिढी तरते किंवा जाते. समुद्रात हे नेहमीच तसं घडतं का यावर पुढे पुष्कळ वाद झाले. पण जिरे सोडून वाढवतात त्या आपल्या संगोपन तळ्यात ती गोष्ट उघड्या डोळ्यांनी दिसते. जिऱ्याच्या तोंडात मावतील असे जीव म्हणजे चक्रधारी, मिलिमीटरच्या दशांशाच्या मापाचे. ते आयत्या वेळी आणून टाकता येत नाहीत. तीन आठवडे आधी मोहाची ढेप टाकून तळ्यातले शिकारी मासे मारावे लागतात, चुना द्यावा लागतो, ताजं शेण कालवावं लागतं. मग सूक्ष्मजीव वाढतात. आधी चक्रधारी वाढतात, मागून मोठे पाणपिसू. पाण्यातले किडे पिल्लं खातात, म्हणून सोडण्याच्या आदल्या दिवशी तेल-साबणाचं मिश्रण पसरतात. श्वासाला वर येणारे किडे त्या तवंगाखाली गुदमरतात.

यातलं काहीच न करता जिरे आणून ओतणारे तलाव मी पाहिले आहेत. केंद्रावर जिरे तयार आहेत, स्वस्तात मिळतात, म्हणून आणले, पाणी तसंच. मग पंधरा दिवसांनी जाळ्यात काही येत नाही आणि दोष बीजाला दिला जातो. ज्या बीजासाठी माणसं रात्रभर हौदात उभी राहिली, ते उपाशी मेलेलं असतं.

उपाय साधा आहे. तळ्यातलं पन्नास लिटर पाणी बारीक जाळीच्या कापडातून गाळायचं आणि उरलेलं काचेच्या नळीत बसू द्यायचं. तळाला दीड-दोन मिलिलिटर गाळ जमला आणि भिंगाखाली तो वळवळताना दिसला, तर पाणी तयार आहे. तळी चालवणाऱ्या काही संस्था आता तळ्याची तयारी कुठवर आली ते आधी केंद्राला कळवतात आणि मादीला इंजेक्शन कधी द्यायचं ते त्यावरून ठरतं. अशा तळ्यांतही शंभरातली तीस ते पन्नास पिल्लंच दोन-अडीच सेंटिमीटरची होतात, आणि ही नीट जमलेल्या हंगामाची गोष्ट आहे.